विश्लेषण : निकामी मूत्रपिंड पुन्हा घडवता येईल का? बारामती-इंदापूरच्या डॉक्टरांना या संशोधनात वाट आहे का?

मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली की डायलिसिस किंवा प्रत्यारोपण हेच पर्याय उरतात. डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून निघालेल्या रुग्णाचा सारा दिवस जातो, सोबत आलेल्याची मजुरीही बुडते. अशा घरात ‘स्टेम सेलने किडनी बरी’ ही जाहिरात मोठी आशा घेऊन येते. विज्ञान प्रत्यक्षात कुठे पोहोचले आहे?

मूत्रपिंड पुन्हा का वाढत नाही?

प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळण्या असतात. गर्भावस्थेच्या साधारण ३६व्या आठवड्यानंतर नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने नष्ट झालेले नेफ्रॉन परत येत नाहीत.

संशोधन कुठवर आले?

अस्थिशल्यचिकित्सेचे प्रशिक्षण सोडून प्रयोगशाळेत गेलेले जपानी डॉक्टर शिन्या यामानाका यांनी २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशी मूळपेशींसारख्या अवस्थेत नेल्या. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांच्याच क्योटोतील संस्थेत केंजी ओसाफुने हे मूत्रपिंडरोगतज्ज्ञ अशा पेशींपासून मूत्रपिंडाच्या ऊती घडवत आहेत. २०१५ मध्ये मेलबर्नच्या मेलिसा लिटल यांच्या गटाने इवलेसे ‘मूत्रपिंड’ वाढवले. पण त्याला पुरेसा रक्तपुरवठा नाही आणि लघवी बाहेर नेणारी वाटही नाही. रुग्णाच्याच मूत्रपिंडातील पेशी वाढवून परत टोचण्याच्या चाचण्या अमेरिकेत तिसऱ्या टप्प्यात गेल्या आहेत. त्यांचा हेतू ऱ्हास मंदावण्याचा आहे, नवे मूत्रपिंड देण्याचा नाही.

इथल्या डॉक्टरांची वाट कोणती?

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. एमबीबीएसनंतर तीन वर्षे एमडी, पुढे तीन वर्षे डीएम नेफ्रॉलॉजी आणि मग संशोधन, अशी ही लांबची वाट आहे. पेशींवर काम करणारी राष्ट्रीय संस्था, एनसीसीएस, पुण्यातच आहे. मात्र डॉक्टर केवळ पदवी घेऊन प्रयोगशाळेत जात नाही, रुग्णांचे प्रश्नही घेऊन जातो. मध्य अमेरिकेत ऊसतोड मजुरांमध्ये मधुमेह नसतानाही मूत्रपिंडाचा आजार आढळला. उन्हातले कष्ट हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. बारामती-इंदापूरही उसाचाच पट्टा. इथे कोणाचे मूत्रपिंड किती वेगाने खालावते, याच्या वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी संशोधनाचा पाया ठरू शकतात. नवा उपचार कोणाला आणि कधी द्यायचा, हे अशा नोंदींशिवाय ठरत नाही.

जाहिरातीवर विश्वास ठेवावा का?

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे व प्रतिकारशक्तीचे काही मान्य आजार वगळता स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचण्यांतच करता येतो. म्हणून तीन प्रश्न विचारा : चाचणीची सीटीआरआय नोंदणी आहे का? नैतिकता समितीची मंजुरी आहे का? पैसे का मागता? चाचणीतल्या उपचारासाठी रुग्णाकडून पैसे घेणे अपेक्षित नाही.

तोवर हाती असलेला उपाय साधा आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासा आणि वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. उरलेले नेफ्रॉन वाचवणे आजही आपल्या हातात आहे.