सुमनच्या घरातली फुफी

गेल्या महिन्यात आमच्याकडे एक कथा आली. लिहिणारी मुलगी सातारकडची, बी.एड. करते. कथा सुमन आणि तिच्या आत्याची. लग्न मोडून माहेरी आलेली आत्या शिलाई मशीनवर घराला हातभार लावते, पण भाच्याच्या लग्नपत्रिकेत तिचे नाव छापले जात नाही. कथा चांगली होती. चौथ्या पानावर मात्र आम्ही अडखळलो. तिथे लिहिले होते, ‘फुफीने दिवा लावला आणि मशीन पुढे ओढली.’ सगळीकडे फुफीची आत्या करताना ही एक जागा नजरेतून सुटली होती.

आम्ही फोन केला. ती आधी गप्पच राहिली. मग म्हणाली, “खरी नावं घातली तर खानदानात ओळखतील, असं अम्मी म्हणते. आणि दिवाळी अंकवाल्यांना वाटेल, ही मुस्लिम प्रश्नावरची कथा. मला तर फक्त फुफीची गोष्ट सांगायची होती.”

दोन्ही भीती खऱ्या आहेत. अम्मीच्या भीतीवर तरी उपाय आहे. गाव बदला, मुलांची संख्या बदला, दोन माणसे मिळून एक करा. जमले तर ज्याची गोष्ट आहे त्याला आधी विचारा. पण घर बदलू नका. घर बदलले की दस्तरखान जातो, ईदचे कपडे शिवायची रात्र जाते, आणि फुफी नुसत्या बिचाऱ्या आत्यासारखी उरते.

दुसऱ्या भीतीला आमच्याकडे इतका सोपा उपाय नाही. हमीद दलवाईंची मते पटोत न पटोत, १९६५ सालच्या त्यांच्या ‘इंधन’मध्ये कोकणातले गाव आणि तिथली मुस्लिम घरे आपापल्या नावांनिशी मराठीत उभी आहेत. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यालाही आता तीन दशकांवर काळ लोटला. तरी सातारची मुलगी आज सुमन हे नाव शोधते. यात दोष एकट्या तिचा नाही.

मग प्रश्न आला भाषेचा. तिच्या घरी दखनी, शाळेत मराठी. दादी पुस्तकी मराठीत बोलली तर खोटी वाटते. आम्ही सुचवले, निवेदन मराठीत ठेव, दादीला दखनीच बोलू दे, पण वाक्ये छोटी. ‘मेरेकू नक्को’ हे कोणत्या मराठी माणसाला कळत नाही?

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचा मोठा बाजार दिवाळीतच भरतो, पण त्याची जुळवाजुळव पावसाळ्यात होते. गणपतीनंतर पाठवलेली कथा बहुधा उशिराची ठरते. एक कथा एका वेळी एकाच संपादकाला द्यावी, आणि प्रत स्वतःजवळ ठेवावी. ही मुलगी ईशानंतर, भांडी आवरून, मोबाइलवर लिहिते. तेवढ्यात कोणीतरी दिवा बंद करायला सांगतेच!

परवा नवा खर्डा आला. सुमनची आता शबाना झाली आहे आणि गाव कराडजवळचे. फुफीला तिने कथा वाचून दाखवली. फुफीने एकच दुरुस्ती सांगितली: पत्रिकेत नाव नव्हते, हे तिला पत्रिका वाटायला दिली तेव्हाच कळले होते, लग्नाच्या दिवशी नव्हे. ती दुरुस्ती करून कथा पुन्हा यायची आहे. आम्ही तिच्यासाठी चार पाने राखून ठेवली आहेत.