उघडे दार, दूरचा उंबरठा

अपंगांच्या पुनर्वसनाच्या सरकारी योजना धर्म विचारीत नाहीत. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत अपंगांसाठी ५ टक्के वाटा राखला. २०२२ मध्ये राज्यात दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेही निघाले. अल्पसंख्याकांना दार उघडेच आहे, असे म्हणून राज्यकर्ते मोकळे होतात. परंतु उघड्या दारापर्यंत पोचायचे कसे?

मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींनंतर हजारो मुस्लिम कुटुंबे मुंब्र्यात आश्रयाला आली. त्या वस्तीतील पांगळ्या मुलाला बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला हवा. दाखल्याच्या प्रत्येक खेपेला आईची रोजंदारी बुडते. आणि ती उर्दू शाळेत शिकलेली असेल, तर मराठी अर्जापुढे तिला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. येथे भेदभाव कायद्यात नाही, अंमलबजावणीच्या अंतरात आहे.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी मुंब्र्यात व कल्याणच्या दूधनाक्यावर नियमित तपासणी शिबिरे भरवावीत, उर्दूतूनही अर्ज द्यावेत आणि अपंग कल्याणाचा खर्च प्रभागवार जाहीर करावा. समतेची परीक्षा कायद्याच्या पानावर नव्हे, मोहल्ल्यात होते.