संगणकावरील पहिला कित्ता

पाटीवर अक्षरे गिरवताना गुरुजींनी जो कित्ता घालून दिला, त्याचे वळण हाताला जन्मभर राहते. आजच्या कचेऱ्यांतील संगणकही नव्या माणसास असाच एक कित्ता घालून देतो. तो कोणी लिहिला, विचारपूर्वक लिहिला की कसाबसा, याची चौकशी मात्र क्वचितच होते. म्हणून हे चार शब्द.

जाळ्याने जोडलेल्या संगणकांवर प्रत्येकजण आपल्या नावाने काम करतो. त्याच्या पडद्यावरील चित्र, चिन्हांची मांडणी, कळफलकाची भाषा यांचे एक स्वतंत्र दप्तर यंत्र ठेवते. त्यास प्रोफाइल म्हणतात. नवा मनुष्य प्रथमच आपले नाव व परवलीचा शब्द देतो, तेव्हा विंडोज प्रणाली 'डीफॉल्ट' नावाच्या मूळ दप्तराची नक्कल काढून त्याच्या हवाली करते. पुढे मूळ दप्तर सुधारले तरी आधी निघालेल्या नकला सुधारत नाहीत. तेव्हा जी काळजी घ्यावयाची, ती आरंभीच घ्यावी लागते.

आमचा एक माजी विद्यार्थी एका कचेरीत लेखनिक म्हणून रुजू झाला. येणारे अर्ज बहुधा मराठीत, पण यंत्रावर कळफलक केवळ इंग्रजी. त्याने विचारले, तर उत्तर मिळाले, "यंत्र असेच येते." तो निमूटपणे मराठी नावे रोमन अक्षरांत लिहू लागला. महिन्याभराने भेटला तेव्हा आपले स्वतःचे नावही तो त्याच अक्षरांत लिहीत होता. आम्हांस वाईट वाटले ते याचे, की यंत्र असेच येत नाही. विंडोज २००० पासून या प्रणालीत देवनागरीची सोय आहे. ती मूळ दप्तरात घालण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते, इतकेच. एकाचे दुर्लक्ष दुसऱ्याची सवय झाली.

आम्ही घरी कोंकणी बोलतो आणि शाळेत मराठी शिकवितो. या दोहोंत कळफलकावरून भांडण होण्याचे कारणच नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या मानकात इन्स्क्रिप्ट कळफलकाची रचना दिलेली आहे. तीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. ज्या कळेवर 'क', तिच्यावरच शिफ्ट दाबून 'ख'. दोन्ही भाषांना प्रिय असलेला 'ळ'ही तीत आहे. एकदा बोटे बसली की देवनागरीतील कोणतीही भाषा लिहावी.

कोणी म्हणेल, ही भाषेची सक्ती झाली. तसे नव्हे. सक्ती करावयाची तर त्यासाठी संगणकाच्या जाळ्यात धोरणांची वेगळी व्यवस्था असते. तेथे ठरविलेली गोष्ट वापरणाऱ्यास सहसा बदलता येत नाही. मूळ दप्तर केवळ आरंभ करून देते. इंग्रजी कळफलक तेथे असावाच. शेजारी देवनागरीही असावा, आणि पुढे ज्याला जे नको ते त्याने काढून टाकावे. मात्र सोय करणाऱ्याने संयम बाळगावा. स्वतःच्या आवडीची चित्रे, खाजगी कागद वा परवलीचे शब्द त्या दप्तरात राहिले, तर त्यांच्याही नकला प्रत्येकाच्या हाती जातील.

विद्यार्थिमित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी कचेरीत बसेल, कोणी तेथील संगणकांची व्यवस्था पाहील. पहिल्याने "असेच येते" या उत्तरावर समाधान मानू नये. दुसऱ्याने, अद्याप न आलेल्या माणसाचा विचार आधी करावा. त्याचे नाव आपणांस ठाऊक नसते. पण ते त्याला आपल्या लिपीत लिहिता यावे, एवढी तजवीज आपल्या हाती असते. कित्ता घालणाऱ्याचे ते कर्तव्यच होय.