विश्लेषण : नदी रुंद, वाट अरुंद… बाल्टिमोरचा जलमार्ग अडीच महिने का अडला?

‘दाली’ हे सुमारे ३०० मीटर लांबीचे मालवाहू जहाज २६ मार्च २०२४ च्या पहाटे अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरातून कोलंबोकडे निघाले. तासाभरातच त्याची वीज गेली आणि ते ‘फ्रान्सिस स्कॉट की’ पुलाच्या खांबावर धडकले. जहाजावरून गेलेल्या इशाऱ्यामुळे वाहने थांबवता आली. पुलावर खड्डे बुजवणाऱ्या कामगारांना मात्र वेळेत हटवता आले नाही. त्यांतील सहा जण मृत्युमुखी पडले.

एवढी मोठी नदी अडली कशी?

पटाप्सको नदीवरील हा पूल अडीच किलोमीटरहून लांब होता. एवढ्या पाण्यात जहाज थोडे बाजूने काढता येणार नाही का, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण मोठ्या जहाजांची खरी वाट म्हणजे तळ खोदून राखलेला, सुमारे २१३ मीटर रुंद आणि १५ मीटर खोल पट्टा. पुलाचे पोलाद नेमके त्यावर कोसळले. सुमारे ५० हजार टन राडारोडा उपसावा लागला.

क्रूझचे काय झाले?

समुद्रात असलेल्या ‘कार्निव्हल लेजंड’ला नॉरफोकला वळवून प्रवाशांना बसने बाल्टिमोरला आणले गेले. ‘व्हिजन ऑफ द सीज’लाही नॉरफोक गाठावे लागले. प्रवाशांची गैरसोय झाली खरी, पण क्रूझचे बस्तान दुसऱ्या बंदरात हलवता येते. कोळशाचे तसे नाही. तो रेल्वेने ठरावीक धक्क्यावर येतो आणि बाल्टिमोरचे कोळसा धक्के पुलाच्या आतल्या बाजूला आहेत. भारतातील वीटभट्ट्यांना जाणारा कोळसाही इथूनच निघतो. २०२३ मध्ये या बंदराने साडेआठ लाखांच्या आसपास मोटारी हाताळल्या होत्या. त्यांतील काही पुलाबाहेरच्या स्पॅरोज पॉइंटला उतरवून वेळ निभावली. म्हणजे ज्यांना दुसरी वाट होती ते सुटले, आतल्या धक्क्यांवर पोट असलेले गोदी कामगार आणि ट्रकचालक अडकले.

वाट टप्प्याटप्प्याने का उघडली?

आधी कडेने ११ फूट खोलीचा मार्ग काढला, तोही टगबोटी आणि बार्जपुरता. एप्रिलअखेर काही दिवस ३५ फुटांचा मार्ग मिळाला, तेव्हा आत अडकलेली मोठी जहाजे बाहेर पडू लागली. जहाजावर पडलेला सांगाडा मे महिन्यात नियंत्रित स्फोटांनी तोडला, तेव्हाही २१ खलाशी आतच होते. त्यांतील २० भारतीय. २० मे रोजी जहाज हलवले, १० जूनला मार्ग पूर्ण रुंदी-खोलीने खुला झाला. क्रूझ मेअखेरीसच परतल्या होत्या.

दोष कोणाचा?

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने वीज जाण्याचे मूळ एका सैल तारेत शोधले. तारेवरच्या नावाच्या पट्टीमुळे ती नीट बसली नव्हती. पण सगळे खापर त्या तारेवर फोडणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. जहाजे बंद पडतात, हे बंदरांना नवे नाही. याच पुलाला १९८० मध्ये एक मालवाहू जहाज धडकले होते. ते बरेच लहान असल्याने निभावले. त्याच वर्षी फ्लोरिडात सनशाइन स्कायवे पूल जहाजाच्या धडकेने कोसळून ३५ जणांचा जीव गेला. तरीही १९७७ च्या बाल्टिमोर पुलाखालून दरम्यानच्या काळात अवाढव्य झालेली जहाजे जात राहिली. महत्त्वाच्या पुलासाठी मान्य मर्यादेच्या जवळपास ३० पट धोका तिथे होता, असे मंडळाने २०२५ मध्ये सांगितले. पूल सांभाळणाऱ्या यंत्रणेने तो कधी मोजलाच नव्हता. १९ राज्यांतील आणखी ६८ पुलांचा धोका तपासण्याची शिफारसही मंडळाने केली.

नव्या पुलाचा खर्च सुरुवातीला दोन अब्ज डॉलरच्या आत धरला होता. आता तो ४.३ ते ५.२ अब्जांवर गेला आहे आणि पूल खुला होण्याचा अंदाज २०२८ वरून २०३० च्या अखेरीवर सरकला आहे.