खाणीचा लाभांश का येत नाही?

पवनार परिसरातील शेतकरी बंधूंनो, कापसाच्या चुकाऱ्यातून एखाद्या लहान खाण कंपनीचे शेअर घेतले अन् लाभांश आला नाही, तर लगेच 'बुडालो' म्हणू नका. विहिरीला पाणी लागेपर्यंत पैसा आतच जातो ना? खाणीचेही तसेच. आधी बोअर मारून खनिज शोधा, मग वरची माती-दगड हटवा. काढलेले खनिज पुन्हा उगवत नाही. पुढच्या साठ्यासाठी पैसा राखावाच लागतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानेही मागचा तोटा भरून काढल्याशिवाय चालू नफा वाटता येत नाही. १९६२ साली स्थापन झालेली नागपूरची मॉईल लाभांश देते. तिच्या खाणी चालत्या आहेत. नवख्या कंपनीला ते कसे जमावे? मात्र ताळेबंद मागा. पैसा खोदकामात गेला की संचालकांच्या थाटात, ते तपासा. आणि बियाण्याचा पैसा तिथे गुंतवूच नका.