पाच गोळ्यांचे माप

नेमबाजी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काळ्या वर्तुळाचा मध्य उभा राहतो. गोळी मध्यावर लागली तर नेम चांगला, बाजूला गेली तर वाईट, असा सर्वसाधारण समज आहे. एन.सी.सी.त हा समज पहिल्याच दिवशी मोडतो. तिथे आधी पाहतात ते 'ग्रुपिंग'. एकाच जागी नेम धरून पाच गोळ्या झाडायच्या आणि त्या कागदावर एकमेकींपासून किती दूर पडल्या ते मोजायचे. पाचही गोळ्या वर्तुळ सोडून खाली डावीकडे पडल्या, पण एका नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ पडल्या, तर उस्ताद खूश होतात. कारण साइट हलवून किंवा नेमाची जागा बदलून तो सगळा पुंजका मध्यावर आणता येतो. उलट कागदभर विखुरलेल्या पाचांतली एक अगदी मधोमध लागली, तरी तिचे कौतुक कुणी करीत नाही. ती लावलेली नसते, लागून गेलेली असते!

हे माप घेण्याची जुनी रीत सोपी आहे. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर फूटपट्टीने घ्यायचे आणि त्यातून गोळीचा व्यास वजा करायचा. पॉइंट टू टूची गोळी सुमारे ५.६ मि.मी. जाडीची असते. वजाबाकी केली की छिद्राच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मिळते आणि तेच तुमचे ग्रुपिंग. अर्थात कागद म्हणजे पत्रा नव्हे. गोळी गेल्यावर त्याचे तंतू थोडे मिटतात, कडा फाटतात, छिद्र गोळीपेक्षा लहान दिसते. फूटपट्टी नेमकी कुठल्या टोकाला टेकवायची यावरून दोन माणसांची मापे एखाद्या मिलिमीटरने सहज वेगळी येतात. तेवढे चालायचेच.

आता हे काम मोबाईलवरची ॲप्स करू लागली आहेत. टार्गेटचा फोटो काढायचा, फोटोतल्या एखाद्या ठाऊक लांबीच्या वस्तूवर खूण करून तिची लांबी सांगायची आणि छिद्रांवर एकेक करून बोट टेकवायचे. क्षणात ग्रुपिंगचा आकडा पडद्यावर येतो, तोही दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत. शिवाय पुंजक्याचा मध्य नेमाच्या जागेपासून किती खाली आणि किती डावीकडे आहे, तेही कळते. ज्याला आम्ही एम.पी.आय. म्हणतो आणि कागदावर रेघा मारून काढतो, ते हेच.

आमच्या कॅडेटांत यावरून दोन तट पडले आहेत. सिनियर म्हणतात, ही सगळी थेरे आहेत. श्वास आणि ट्रिगर सांभाळा, आकडा आपोआप सुधारेल. नव्या मुलांना ॲपचे वेड आहे, पण ते स्टेटसवर फोटो लावण्यापुरते. माझे मत दोघांनाही आवडणार नाही. हे ॲप कामाचे आहे आणि ज्यांना मोजक्या गोळ्या मिळतात अशा आपल्यासारख्यांना ते सर्वांत जास्त कामाचे आहे. मात्र सगळे जण ज्या आकड्यासाठी ते उघडतात, तो त्यातला सर्वांत कमी कामाचा आकडा आहे.

असे का, हे समजायला रेंजवर जायला नको; अर्थशास्त्राच्या वर्गात बसले तरी पुरे. सांख्यिकीच्या तासाला आपण 'विस्तार' शिकतो. सर्वांत मोठ्या मूल्यातून सर्वांत लहान मूल्य वजा केले की झाला विस्तार. पाठोपाठ हेही शिकतो की हे माप फार कच्चे. ते फक्त दोन टोकांकडे पाहते आणि मधल्या सगळ्यांना विसरते. म्हणून मग सरासरी विचलन, प्रमाण विचलन वगैरे आले. फूटपट्टीने घेतलेले ग्रुपिंग म्हणजे निव्वळ विस्तार आहे. पाच गोळ्यांपैकी दोघीच मोजल्या जातात, उरलेल्या तीन कुठे पडल्या याला काही किंमत नाही. ॲपमध्ये याच्या शेजारीच बहुधा आणखी एक आकडा असतो, सरासरी त्रिज्येचा. पाचही छिद्रांचा मिळून जो मध्य, त्यापासून प्रत्येक छिद्र किती दूर आहे, त्या पाच अंतरांची ही सरासरी. हाताने काढायची तर अर्धा तास मोडतो, म्हणून कुणी काढीत नसे. मोबाईलला तेवढाच वेळ लागतो जेवढा दोन टोके मोजायला.

एक उदाहरण घेऊ. एका मुलीच्या चार गोळ्या जवळजवळ एकाच छिद्रातून गेल्या आणि पाचवी ३८ मि.मी. दूर पडली. दुसरीच्या पाचही गोळ्या २० मि.मी. त्रिज्येच्या वर्तुळावर सारख्या अंतराने पडल्या, जणू पंचकोनाची पाच टोके. फूटपट्टी दोघींनाही ३.८ सें.मी. हेच माप देईल, कारण त्या पंचकोनाची सर्वांत दूरची दोन टोकेही ३८ मि.मी. अंतरावरच येतात. रजिस्टरात दोघी सारख्या! सरासरी त्रिज्या मात्र पहिलीची सुमारे १२ मि.मी. येते आणि दुसरीची २०. पहिलीचा हात स्थिर आहे. एकदा तिने ट्रिगर हिसकला एवढेच. दुसरीची पकडच अजून बसलेली नाही. एकीला दोन वाक्ये सांगून भागेल, दुसरीला महिनाभर लेटून सराव करायला हवा. या दोघींना एकाच मापाने मोजणे न्यायाचे आहे काय?

हा प्रश्न मला वर्गात सुचलेला नाही. गेल्या वर्षी एका कॅम्पात फायरिंगच्या संघासाठी निवड झाली ती एका ग्रुपिंगवर. चार सेंटिमीटरच्या आतल्या कॅडेट संघात, बाहेरच्या बाहेर. माझ्या मैत्रिणीचे माप ४.२ आले. तिच्या चार गोळ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत होत्या, हे मी स्वतः पाहिले आहे. माप रजिस्टरात गेले आणि कागद टरकावून टाकला गेला. खरे तर त्याच हाताने, त्याच रायफलीने झाडलेल्या पाच-पाच गोळ्यांच्या ग्रुपिंगमध्येही पाव हिश्श्याचा फरक केवळ योगायोगाने पडतो. मग दोन मिलिमीटरवर निवड ठरवायची आणि पुरावाही ठेवायचा नाही, याला काय म्हणावे? घरी कॅम्पला पाठवायला आधीच नाखुशी होती, त्यात दाखवायला काही नाही. ती मुलगी यंदा एन.सी.सी.त नाही.

गोळ्यांचा हिशेबही ऐकण्यासारखा आहे. पहिल्या वर्षभरात माझ्या वाट्याला एकूण दहा गोळ्या आल्या. म्हणजे दोन ग्रुपिंग. ज्यांच्याजवळ स्वतःची एअर रायफल आहे त्यांना एका सकाळीच साठ छर्रे मारता येतात, आणि परदेशी बनावटीची स्पर्धेची रायफल लाखांच्या घरात जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा गोरेगावातच एका दुकानात शिवणकाम करतात, आणि सगळ्या घराला मिळून एक स्मार्टफोन आहे. साठांपैकी काही वाया गेल्या तर साठवाल्याचे बिघडत नाही. दहावाल्याने दर पाचांतल्या तीन मोजायच्याच नाहीत, ही चैन त्याला परवडत नाही. कापड मोजके असले की बाबा टेप एका जागी लावून थांबत नाहीत. छाती, कंबर, खांदा सगळे दोनदा घेतात. ताग्याने कापड असणाऱ्याने काय, कसेही कापावे.

आता ॲपच्या भक्तांकडे वळते. स्टेटसवर झळकणाऱ्या ग्रुपिंगच्या फोटोंत पुष्कळदा तीनच छिद्रे असतात. तीन गोळ्यांचे ग्रुपिंग पाचांच्या मानाने सरासरीने सुमारे एकपंचमांश लहानच येते. त्यात नेमबाजाचे कर्तृत्व काही नसते. गोळ्या जितक्या कमी तितका पुंजका आवळ, हा साधा गणिताचा खेळ आहे. एकच गोळी झाडली तर ग्रुपिंग शून्य! तेव्हा आकड्याबरोबर गोळ्या किती आणि अंतर किती, हे लिहिलेच पाहिजे. आणि आतापर्यंतचे सर्वांत चांगले एक ग्रुपिंग दाखवण्यापेक्षा सगळ्या ग्रुपिंगची सरासरी सांगणाऱ्याचे मी जास्त ऐकेन.

दशांशापुढच्या दोन घरांचेही तसेच. फोटो तिरका निघाला की माप आखडते. मोबाईल १० अंशांनी कलला तर कललेल्या दिशेने दीड टक्का, २० अंशांनी कलला तर सहा टक्के. सहा टक्के म्हणजे चार सेंटिमीटरमागे जवळजवळ अडीच मिलिमीटर झाले. माझ्या मैत्रिणीची निवड त्याहून कमी अंतराने हुकली. दुसरी गोष्ट ओळखीच्या लांबीची. पुष्कळ जण कागदाशेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवतात. ते २७ मि.मी. व्यासाचे असते, त्याच्या कडेवर खूण करताना बोट एक मिलिमीटर सरकले तर सगळे माप जवळजवळ चार टक्क्यांनी चुकते. त्याऐवजी १५ सें.मी.ची पोलादी पट्टी ठेवली तर तीच चूक एक टक्क्याच्याही आत राहते. कागद टेबलावर सपाट ठेवून बरोबर वरून फोटो घ्यावा आणि मिलिमीटरच्या पुढचे आकडे सोडून द्यावेत. इतके केले की ॲप फूटपट्टीपेक्षा वाईट नाही.

सिनियरांचे म्हणणे मला अगदीच फोल वाटत नाही. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात असताना एन.सी.सी.तूनच नेमबाजीकडे वळल्या. महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर त्यांनी सराव केला आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. तेव्हा कुणाच्या खिशात मोबाईलचे ॲप नव्हते. सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरला आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली, तेव्हाही नव्हते. पण या ४०० गुणांचा अर्थ ग्रुपिंगच्या भाषेत करून पाहा. दहा मीटरच्या एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. ठिपक्याला छर्रा नुसता शिवला तरी दहा गुण मिळतात. म्हणजे चाळीसच्या चाळीस छर्ऱ्यांचे मध्य पाच मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात पडलेले असणार. पाच नव्हे, चाळीस! हा हिशेब मी केला त्या रात्री बराच वेळ वहीत पाच मिलिमीटरचे वर्तुळ काढून बघत बसले होते. अशा नेमबाजांची प्रत्येक गोळी यंत्र टिपून ठेवते आणि प्रशिक्षक तिच्यावर बोलतो. आमच्या गोळ्या टिपायला कोण आहे?

आमच्या कॅम्पात रेंजवर मोबाईल नेऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे. भरलेल्या रायफलीजवळ लक्ष फक्त रायफलीवर हवे. पण कागदाला तर बंदी नाही. फायरिंग संपल्यावर टार्गेट फाडून टाकण्याऐवजी मागे कॅडेटचे नाव, तारीख, अंतर आणि रायफलीचा क्रमांक लिहून परत आणावे. एन.सी.सी.च्या खोलीतल्या टेबलावर एकाच मोबाईलने सगळ्यांचे फोटो घ्यावेत, म्हणजे ज्याच्या घरी मोबाईल नाही तोही मागे पडणार नाही. रजिस्टरात फूटपट्टीचे माप आज लिहितात तसे लिहावे, शेजारी सरासरी त्रिज्येचा एक रकाना वाढवावा. संघ निवडताना निदान दोन कॅम्पांचे कागद समोर ठेवावेत. याला निधी लागत नाही, वरची परवानगी लागली तर सरांनी ती मागावी, एवढीच विनंती. पंधरा सेंटिमीटरची पोलादी पट्टी मी आणून खोलीत ठेवली आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे.