न्यायासन आणि मतपेटी

अमेरिकेतील काही राज्यांत न्यायाधीशही मतदानाने निवडले जातात. आपल्याकडे तशी प्रथा नाही, हे बरेच आहे. बहुमताचा कौल मागणाऱ्या न्यायाधीशाकडून अल्पसंख्याकाने कशाची आशा धरावी? तथापि नियुक्त न्यायाधीशही कायद्याच्या शब्दांनी बांधलेला असतो. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत राखीव जागेवर विजयी झालेले डॉ. डी. पी. मेश्राम यांची निवड, त्यांनी बौद्ध धम्म जाहीरपणे स्वीकारला म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली. कायद्यातील तो दोष काढला १९९० साली संसदेने, म्हणजे मतांनी निवडून आलेल्यांनी. उपनगरात कुर्ला हा मतदारसंघ राखीव आहे. तेथे उभे राहू इच्छिणाऱ्या बौद्ध बांधवास धर्म लपविण्याचे आता कारण नाही. जातीचा दाखला मात्र आधीच काढून ठेवावा.